एका ब्लाउजला पाच हुक

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही लगेच चहाचं विचारता आणि बोलणं तिथेच राहतं, म्हणून हे पत्र.

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले तेव्हा धास्ती होती ती विज्ञानाची. त्यात ते गणित: १२ ग्रॅम मॅग्नेशिअम पूर्ण जळलं तर मॅग्नेशिअम ऑक्साइड किती मिळेल? समीकरण मी बरोबर लिहिलं होतं. मॅग्नेशिअमचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक रेणू, ऑक्साइडचे दोन. मग दोन ग्रॅमला एक ग्रॅम या हिशोबाने १२ ला ६ धरले आणि उत्तर काढलं १८.

तुम्ही त्यावर काट मारली नाहीत. माझ्या मशीनवरचं शिवण बघून विचारलंत, "एका ब्लाउजला हुक किती लावतेस?"

"पाच."

"मग एक ग्रॅम कापडाला पाच ग्रॅम हुक लागतात का गं?"

बाई, मी तशीच बसून राहिले होते. समीकरणातले आकडे नग सांगतात, वजन नाही, हे इतकी वर्षं शिवणकाम करणाऱ्या मला कुणीतरी माझ्याच भाषेत सांगायला हवं होतं. वजनासाठी अणुवस्तुमान घ्यायचं. मॅग्नेशिअमचं २४, म्हणून दोघांचं ४८. ऑक्सिजनचं १६, जोडीचं ३२. दोन्ही मिळून ८०. म्हणजे ४८ ग्रॅमचे ८०, तर १२ चे २०.

तरी माझी शंका होतीच. चुलीत लाकूड जळून मूठभर राख उरते, मग इथे वजन वाढतं कसं? लाकडातलं बरंच काही वायू होऊन निघून जातं आणि मॅग्नेशिअम हवेतला ऑक्सिजन स्वतःत घेतं, हे तुम्ही दोनदा समजावलंत. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये बंद भांड्यात कथील तापवलं आणि एकूण वजन बदललं नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. दिवसभर शाळेत शिकवून आल्यावर रात्री नऊला कोण एवढं करतं?

काल चुनखडीचं गणित एकटीने सोडवलं. चुनखडी तापवली की १०० ग्रॅमचा कळीचा चुना ५६, म्हणून २५० ग्रॅमचा १४०. उरलेला ११० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. बेरीज जुळली. वही धाकटीबरोबर वर पाठवते आहे, सवडीने बघा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची विद्यार्थिनी