समुपदेशन कक्षात मुलांचे ऐकून घेतले जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या सराव परीक्षा जवळ आल्या की कोल्हापुरातील शाळा-महाविद्यालयांत समुपदेशनाची लगबग सुरू होते. तिचे स्वागतच आहे. परंतु त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे चालते ते पाहून, कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारखीला लिहिल्यावाचून राहवत नाही. सभागृहात सगळ्या तुकड्या एकत्र बसवून जिद्दीवर व्याख्यान दिले जाते. एखाद्या मुलाला वेगळे बोलावलेच, तर शिक्षक-कक्षाच्या कोपऱ्यात, सहामाहीची गुणपत्रिका समोर ठेवून. वर्गशिक्षक जाता जाता 'याचं गणितात लक्षच नाही' असे सांगून जातात आणि मूल मान खाली घालून 'हो सर' म्हणत राहते.

माणसाच्या स्वतः घडण्याच्या क्षमतेवर विश्वास ठेवणाऱ्या मानवतावादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९२८ ते १९४० अशी बारा वर्षे अडचणीतील मुलांसाठी काम केले. समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि तिच्या जागी उभे राहून तिला समजून घेणे, या गोष्टींवर त्यांनी १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भर दिला. हा नुसता भाबडेपणा नव्हता. प्रत्यक्ष भेटींचे ध्वनिमुद्रण करून ते अभ्यासण्याची पद्धत त्यांनीच रुजवली. विनाअट स्वीकार म्हणजे कॉपी करणाऱ्याची कॉपी खपवून घेणे नव्हे. चुकलेल्या मुलाचीही माणूस म्हणून किंमत उणावत नाही, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. 'नव्वद टक्के पडले तरच पाहुण्यांत तोंड दाखवता येईल' हे वाक्य आपल्याकडे मायेपोटीच बोलले जाते. पण आपल्यावरची माया गुणांवर ठरते असे एकदा मनाने घेतले की मूल स्वतःलाही त्याच मापाने मोजू लागते आणि आपल्याला खरोखर काय हवे आहे हे त्याचे त्यालाच उमगेनासे होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची जी उतरंड मांडली (भूक, सुरक्षितता अशा मूलभूत गरजा आधी, ध्येयासारख्या वरच्या गरजा नंतर), तीही इथे ध्यानात घ्यायला हवी. राधानगरी, शाहूवाडीकडून पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी येणाऱ्या मुलापुढे ध्येयाच्या गोष्टी करण्याआधी त्याने काही खाल्ले आहे का, हे विचारायला नको का? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगे उभी करताना विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याचा प्रश्न आधी हाती घेतला होता, याचा विसर निदान कोल्हापूरकरांना पडू नये.

अर्थात, खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समजून घेणे एवढे पुरेसे असते हा रॉजर्स यांचा दावा पुढच्या संशोधकांनी तसाच्या तसा मान्य केलेला नाही. तीव्र नैराश्य असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब नेलेच पाहिजे.

शाळा व्यवस्थापनांना माझी विनंती आहे, की समुपदेशनासाठी दार लावून बसता येईल अशी स्वतंत्र खोली द्यावी आणि त्या मुलाला गुण देणाऱ्या शिक्षकांकडे हे काम सोपवू नये. मूल तिथे जे बोलेल ते, त्याच्या जिवाला धोका असल्याखेरीज, मुख्याध्यापकांपर्यंतही जाणार नाही, असा लेखी नियम करावा. तसेच मानसिक आरोग्यासाठी दूरध्वनीवरून मदत देणाऱ्या शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकावर कायम लिहिलेला असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर