गजाला पत्र : कोपऱ्यांचं त्रांगडं

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गजा,

एखादी आकृती तिच्याच आकाराच्या, पण जराशा लहान तुकड्यांनी झाकायला कमीत कमी किती तुकडे लागतात, हे दाखवायला पोट्ट्यांकडून पुठ्ठे कापून घ्यायचा तुझा बेत झकास. पण वर्तुळापासून सुरुवात करू नको, चौरस आधी घे. बाजू २० सेंमी. झाकायला १९ सेंमीचे चौरस. तीन तुकड्यांचं क्षेत्रफळ १०८३ चौ. सेंमी, झाकायचं फक्त ४००, तरी एक कोपरा उघडाच! १९ च्या तुकड्यात २० सेंमी अंतरावरचे दोन कोपरे मावत नाहीत, म्हणून चार लागतात. मात्र तुकडा फिरवायचा नाही, नुसता सरकवायचा. कोणी तिरका ठेवलाच, तर त्याचा कर्ण पावणेसत्तावीस सेंमीच्या वर भरतो आणि शेजारचे दोन कोपरे झाकून जातात. पोट्टे ही चलाखी करतीलच.

मग ३० सेंमीचा समभुज त्रिकोण. प्रत्येक कोपऱ्यात २० सेंमीचा तुकडा बसव. तिघे बरोबर त्रिकोणाच्या मधोमध एका बिंदूत भेटतात. १८ चे कापले तर मधोमध ६ सेंमीचं उलटं त्रिकोणी भोक पडतं. कात्री इकडेतिकडे जाते, म्हणून २१ चेच काप. १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाला ८.७ त्रिज्येच्या तीन चकत्या पुरतात; त्यांची केंद्रं वर्तुळाच्या केंद्रापासून ५ सेंमीवर, १२० अंशांनी. दोन चकत्यांनी भागत नाही, कारण लहान चकती अर्ध्याहून कमीच कडा झाकते.

प्रतलात, म्हणजे सपाट आकृत्यांसाठी, हा हिशेब लेव्ही या गणितज्ञाने १९५५ मध्ये मिटवला: समांतरभुज चौकोनाला चार, बाकी कुठल्याही बहिर्वक्र (कुठेही आत खाच नसलेल्या) आकृतीला तीन पुरतात. हाडविगरने १९५७ मध्ये वरच्या मितींचं विचारलं: n मितींत २ⁿ तुकडे नेहमी पुरतील का? घनाला आठ लागतात, कोपरे आठ म्हणून. चतुष्फलकाला (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याला) चारच, पाऊण मापाचे. गोळ्यालाही चार. म्हणजे आकारमानाचा इथे फारसा संबंध नाही, कोपरेच छळतात.

आणि गंमत बघ, तीन मितींतही हे सुटलेलं नाही! केंद्राभोवती सममित असलेल्या, म्हणजे प्रत्येक बिंदूसमोर केंद्रापलीकडे तेवढ्याच अंतरावर जोडीचा बिंदू असलेल्या बहिर्वक्र वस्तूंना आठ पुरतात, हे लासाकने १९८४ मध्ये दाखवलं. पण कुठल्याही वेड्यावाकड्या बहिर्वक्र दगडाला? पापादोपेराकिसने १९९९ मध्ये १६ पुरतात असं सिद्ध केलं, प्रायमाकने १४ वर आणलं. आठपर्यंत कोणी पोचलेलं नाही.

घनाचं वर्गात दाखवायला खडूचा खोका आणि टॉर्च घे. तुकड्यांऐवजी दूरच्या दिव्यांच्या दिशा मोजल्या तरी आकडा तोच येतो, हे बोल्ट्यान्स्की या गणितज्ञाचं. किरण पुढे खोक्याच्या आत शिरला तरच तो बिंदू उजळला असं धर. नुसता कडेला घासून गेलेला चालत नाही. मग एका दिशेने एकच कोपरा उजळतो.

पुठ्ठा जाड घे, पातळ वाकतो.

तुझा,
सुधाकर