व्हर्च्युअल मशीनमधील वेगाचा आकडा आणि त्यामागची परिस्थिती

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

व्हर्च्युअल मशीनची (एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांची) तुलना करणाऱ्या लेखांत आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ‘दोन मशीनमधील वेग अमुक गिगाबिट’ असा एकच आकडा छापलेला वारंवार दिसतो, पण तो कोणत्या परिस्थितीत मोजला याचा उल्लेख क्वचितच असतो. सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणे हे माझे रोजचे काम असल्याने अशा आकड्यांच्या भरवशावर मोठमोठ्या यंत्रणा आखल्या जातात हे मला ठाऊक आहे, म्हणून काही मुद्दे आपल्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

सर्वांत आधी विचारायला हवे ते हे की, दोन्ही मशीन एकाच होस्टवर (म्हणजे ती चालवणाऱ्या प्रत्यक्ष संगणकावर) होती की वेगवेगळ्या? एकाच होस्टवर असतील, तर त्यांच्यातील पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) नेटवर्क कार्डापर्यंत किंवा केबलपर्यंत बहुधा पोहोचतच नाहीत. व्हर्च्युअल स्विच, म्हणजे होस्टवरील सॉफ्टवेअरचा स्विच, ती मेमरीतल्या मेमरीत एकीकडून दुसरीकडे देतो. शिवाय व्हर्टआयओसारखे आभासी नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर असतील तर पाठवणारे मशीन सुमारे ६४ किलोबाइटपर्यंतचे मोठे तुकडे तसेच सोपवते, आणि ते १५०० बाइटच्या पॅकेटांत कापण्याची वेळच येत नाही. होस्टवर १० गिगाबिटचे कार्ड असताना चाचणीत २० गिगाबिटहून अधिक वेग दिसतो तो यामुळे. हा आकडा खोटा नसतो, पण तो प्रोसेसर आणि मेमरीचा वेग सांगतो. तीच मशीन उद्या वेगळ्या होस्टवर हलवली गेली, की नेटवर्क बिघडल्याची तक्रार सुरू होते आणि बिचाऱ्या स्विचची तपासणी होते.

दुसरा मुद्दा प्रोसेसरचा आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. चाचणी चालू असताना मशीनच्या आत टॉप ही प्रोसेसरचा वापर दाखवणारी आज्ञा चालवली तर प्रोसेसर निम्मा रिकामा दिसतो, त्यामुळे अडथळा नेटवर्कमध्येच असल्याची खात्री पटते. त्याच क्षणी होस्टवर पाहिले, तर व्हीहोस्टचा एखादा थ्रेड (होस्टवर चालणारा कामाचा धागा) एक संपूर्ण कोअर (प्रोसेसरमधील एक स्वतंत्र गणना-घटक) शंभर टक्के व्यापून बसलेला आढळू शकतो. पॅकेट वाहून नेण्याचे काम तो थ्रेड करतो, आणि मशीनच्या आतून तो दिसत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी होस्टवरील प्रत्येक कोअरचा वापर स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. सर्व कोअरची सरासरी पाहिल्यास हा एक गच्च भरलेला कोअर तिच्यात सहज लपतो. आयपर्फ ३ हे वेग मोजण्याचे लोकप्रिय साधनही ३.१६ आवृत्तीपूर्वी एकाच थ्रेडवर चालत असे, त्यामुळे समांतर प्रवाहांची (एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्यांची) संख्या वाढवूनही अधिक कोअर वापरले जात नसत. पुष्कळ वेळा आपण नेटवर्कची मर्यादा मोजत आहोत असे वाटते, तेव्हा मर्यादा साधनाचीच असते.

मशीन दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतील तर टीसीपीची विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणाऱ्या माहितीची मर्यादा, महत्त्वाची ठरते. जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील आणि विंडो ६४ किलोबाइटवर अडकली असेल, तर मार्ग कितीही रुंद असो, एका जोडणीला सुमारे २६ मेगाबिटपेक्षा जास्त वेग मिळत नाही. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कवर दुसरे आभासी नेटवर्क चालवण्याची पद्धत) वापरताना प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचा बोजा चढतो, त्याचा हिशेब एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ठरवताना न धरल्यास छोटे पिंग (जोडणी तपासणारा संदेश) व्यवस्थित जाते आणि मोठी फाइल मात्र अडकते.

गिगाबिटमधील वेग हा सर्व कामांचा मापदंड नव्हे, हेही नमूद करावेसे वाटते. डेटाबेसची देवाणघेवाण छोट्या छोट्या संदेशांची असते. तिथे सेकंदाला किती पॅकेट जातात आणि उत्तर यायला किती वेळ लागतो हे पाहावे लागते. १० गिगाबिटच्या जोडणीवर ६४ बाइटच्या फ्रेम (तारेवरून जाणारी पॅकेट) सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १ कोटी ४८ लाख जाऊ शकतात, आणि सामान्य व्हर्च्युअल स्विच एका कोअरच्या बळावर त्याच्या जवळपासही जात नाही. उत्तराच्या वेळेची सरासरी देण्याऐवजी शंभरातील नव्व्याण्णव संदेश किती वेळात परतले हे द्यावे, कारण शेजारच्या मशीनने प्रोसेसर ओढून घेतल्याचा फटका उरलेल्या एका संदेशाला बसतो आणि वापरकर्त्याला नेमका तोच जाणवतो.

चाचणी किती वेळ चालली यालाही महत्त्व आहे. आयपर्फ ३ सांगितल्याशिवाय १० सेकंदांवर थांबते, तर अनेक क्लाउड सेवांमध्ये लहान मशीनना सुरुवातीला वाढीव वेग देऊन नंतर तो खाली आणला जातो. त्या १० सेकंदांत हा उतार दिसणे शक्य नाही.

नेटवर्क उपकरणांच्या चाचणीची पद्धत १९९९ मध्ये आरएफसी २५४४ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने घालून दिली, आणि आभासी यंत्रणांच्या बाबतीत हार्डवेअर व हायपरव्हायझरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) तपशील नोंदवण्याची गरज २०१७ च्या आरएफसी ८१७२ ने मांडली. एवढा सारा तपशील वृत्तपत्रात देता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही वेगाचा आकडा छापताना मशीन एकाच होस्टवर होती की नाही, प्रवाह किती होते, एमटीयू काय होता, चाचणी किती वेळ चालली आणि होस्टवर त्या वेळी दुसरा भार होता का, एवढे सांगणारी एक ओळ त्याखाली द्यावी, आणि विक्रेत्याने ही माहिती दिली नसेल तर तो आकडा छापू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क अभियंता