रात्रीची गोळी

चि. सौ. मनीस, अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास ते बरंच झालं, माझा आवाज चढला होता. आई म्हणाली, बोलताना भांडता, त्यापेक्षा लिहा.

ओलान्झापिनचा, त्या रात्रीच्या गोळीचा, विषय पुन्हा काढणार नाही. नेटवर वाचलंस ते खरंच आहे, ती मानसोपचारातलीच गोळी. पण मेंदूतल्या उलटीच्या बऱ्याच वाटा ती अडवते, म्हणून तुझ्यासारख्या केमोत चार रात्री देतात. गुंगी फार येत असेल तर डोस कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचार. आपल्या मनाने बंद करू नकोस. औषधांच्या दुकानात जन्म गेला माझा. ऑनडानसेट्रॉन ही उलटीवरची गोळी यायच्या आधी लोक नुसतं पेरिनॉर्म, उलटीचं जुनं औषध, न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे असायचे.

पहिला दिवस बरा गेला म्हणून फसू नकोस, मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळते. डेक्सा, ती स्टेरॉइडची गोळी, सकाळीच घे, नाश्त्यानंतर, नाहीतर झोप उडेल. ऑनडानसेट्रॉनने पोट साफ होत नसेल तर तेही सांग, लाजायचं काय त्यात?

झालं माझं सुरू. राग मानू नकोस.

साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की तू पांढरी पडायचीस. आईच्या हातात पिशवी, तुझ्या नाकाशी लिंबू, आणि मलकापूरला उतरल्यावर ‘मी ठीक आहे’ म्हणून चहा मागायचीस! चिनूच्या वेळीही तेच. ज्यांना गाडी लागते, दिवस असताना उलट्या झाल्या, वय कमी, त्यांना केमोची मळमळ जास्त होते. डॉक्टरांना हे सांगितलंयस का? तू नेहमी ठीकच असतेस, म्हणून विचारतो.

केस गळायच्या आधी स्वतःच जाऊन कापून आलीस. तो फोटो मी शेजारी दाखवला, आईला सांगू नकोस.

भात गार करून खा, वास कमी येतो. आवडीचं मात्र त्या दिवसांत नको, कायमचं नावडतं होऊन बसतं. म्हणून आंबापोळी मी अडवून ठेवलीय. पाणीही पोटात टिकेना किंवा ताप 100.4 झाला तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करायचा, अजितला उठवायचं.

तुझे,
नाना

ता. क. ती रात्रीची गोळी पाण्याबरोबर उलटून पडत असेल तर जिभेवर विरघळणारी मिळते. विचारून घे.