टेम्पो अकरा तारखेला, माझा क्लासही अकरालाच

म्युनिक, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई, बाबा आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

दादा, याचं मोठ्या अक्षरात प्रिंट काढ आणि आजीला वाचून दाखव, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे करून पाठवू नकोस.

गेल्या रविवारी फोन अर्धवटच राहिला. मी स्कीइंगचं, म्हणजे पायाला पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, नाव काढलं, बाबा तुम्ही लगेच शूमाकर म्हणालात, आईने विचारलं की जानेवारीत घर रिकामं करायचंय, मग सामान कोण बांधणार, आणि मी आवाज चढवला. चूक माझी होती. आठवडाभर तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज बसून लिहितेय, निदान माझं सगळं एकदा नीट सांगून होईल. मी मजेत आहे. जेवण, ऑफिस, पाठीचं दुखणं सगळं फोनवर सांगितलंय तसंच, त्यात नवीन काही नाही. आजी, डिंकाचे लाडू अजून नऊ शिल्लक आहेत, रविवारी एक असा हिशोब लावलाय.

तर आधी बुकिंगचं सांगते. १० ते १७ जानेवारी, शनिवार ते शनिवार. इथे या सीझनला मधल्या वारी घर देतच नाहीत, शनिवारी यायचं आणि शनिवारी निघायचं. ऑस्ट्रियात टिरोलमध्ये विल्डर कायझर म्हणून डोंगर आहे, त्याच्या पायथ्याच्या एका गावात दोन खोल्या आणि किचन असं घर घेतलंय. म्युनिकहून कुफश्टाइनपर्यंत ट्रेन साधारण तासाभराची आणि पुढे बस. ट्रेनला वेगळा पैसा नाही आई, माझा महिन्याचा पास तिथपर्यंत चालतो, दादाचा ठाणे-सीएसएमटी पास असतो ना तसाच, फक्त देशभराचा. आणि हा आठवडा मी उगाच निवडलेला नाही. नाताळ आणि न्यू इयरला दर दुप्पट होतात, ६ जानेवारीला इथे आणि तिथेही सुट्टी असते तोपर्यंत गर्दी, मग एकदम उतरतात, आणि फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली की परत चढतात. मधले हे दोन-तीन आठवडे स्वस्त. शिवाय आभाळातून बर्फ नाही पडला तरी जानेवारीत तापमान शून्याच्या चांगलं खाली असतं, मग रात्री मशीनने पाणी फवारून बर्फ करतात. हे सगळं बघायला मला आणि नागपूरच्या मैत्रिणीला सप्टेंबरचे तीन शनिवार लागले. हो, सप्टेंबर! इथे लोक थंडीचं बुकिंग पावसाळ्यात करतात (म्हणजे आपल्या पावसाळ्यात).

आई, कोण कोण आहे ते तू दोनदा विचारलंस. मी, ती नागपूरची, तिचा नवरा आणि ऑफिसमधली एक पोलिश मुलगी. बस. ती पोलिश मुलगी आणि मी एका खोलीत. ते दोघं नवरा-बायको चौथ्यांदा चाललेत, त्यांना येतं, आम्ही दोघी नव्या.

आता शूमाकर. बाबा, मी तुमच्याबरोबरच त्याच्या फॉर्म्युला वनच्या रेस बघितल्यात, मला ते आठवलं नसेल असं वाटलं का तुम्हाला? स्कीइंग करताना त्याचा अपघात २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समध्ये मेरिबेलला झाला. तो दोन आखलेल्या उतारांच्या मधल्या मोकळ्या भागात होता, तिथे बर्फाखाली खडक असतात, त्यावर स्की अडकली आणि डोकं दुसऱ्या खडकावर गेलं, हेल्मेट असूनही. आम्ही आखलेल्या उताराबाहेर पाऊलही टाकणार नाही. उतारांना रंग असतात, निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड, आणि कडेला त्याच रंगाचे खांब. मी तर पहिले दोन दिवस निळ्यावरही नाही, गावाशेजारी नवशिक्यांचं छोटंसं मैदान असतं, लहान मुलं शिकतात तिथे, वर जायला सरकता पट्टा, एअरपोर्टवर असतो तसा. पाच दिवस रोज शिकवायला माणूस आहे. आणि नियम असा की पुढे जो आहे त्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं, धडक झाली तर जबाबदारी मागच्याची. घोडबंदर रोडसारखं नाही ते.

इन्शुरन्सचंही केलंय. माझं इथलं हेल्थ कार्ड ऑस्ट्रियात डॉक्टरकडे चालतं, पण डोंगरावरून उचलून आणायचा खर्च त्यात नसतो, हेलिकॉप्टर आलं तर हजारोंच्या घरात बिल जातं. म्हणून मी इथल्या अल्पाइन क्लबची मेंबर झाले. १८६९ साली म्युनिकमध्येच सुरू झालेली संस्था आहे, मेंबरला तो बचावाचा खर्च मिळतो. कार्डाचा फोटो दादाला पाठवलाय, बघून घ्या.

आणि बाबा, हे तुम्हाला आवडेल म्हणून मुद्दाम लिहितेय. मापासाठी मी काल दुकानात बूट घालून बघायला गेले होते. त्या माणसाने खाली बसून माझा पाय एका धातूच्या पट्टीवर ठेवला, २४.५ म्हणाला. म्हणजे माप सरळ सेंटिमीटरमध्ये, आपल्यासारखा पाच नंबर सहा नंबर नाही. बूट कसला, जाड प्लॅस्टिकचा सांगाडाच, पुढे चार बकल. सरळ उभी राहिले की अंगठा पुढे टेकत होता, त्याने गुडघे वाकवायला सांगितले तर टाच मागे बसली आणि अंगठा सुटला. तसं झालं की बूट मापाचा. नडगीवर मात्र असा दाब येतो की दहा मिनिटांत काढून टाकावासा वाटतो. मग स्कीवर तो बूट धरून ठेवणारा खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपल्याला कितपत येतं, एवढं विचारून त्याच्या स्प्रिंगचा आकडा लावतात. फार घट्ट असला तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो, फार सैल असला तर चालू असतानाच सुटतो. नवशिक्यांना आकडा कमी. तुमच्या वागळे इस्टेटच्या कारखान्यात मशीन अडकलं की शिअर पिन तुटायची आणि गिअर वाचायचे, तुम्ही मला ती तुटलेली पिन घरी आणून दाखवली होती, तसंच हे, फक्त इथे काही तुटत नाही, परत पाय दाबला की खट्कन बसतं. मला दुकानात तीच पिन आठवली.

आजी, तू विणलेले मोजे त्या बुटात जात नाहीत गं. एकच पातळ मोजा घालायचा, दोन घातले तर उलट पाय गार पडतो कारण रक्त नीट फिरत नाही, असं तो दुकानवाला म्हणाला. पण संध्याकाळी घरात तेच घालणार, दोन्ही जोड बॅगेत घेतेय.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. थंडी बाहेर असते, घरं उबदार असतात. पण आई, तू परवा व्हिडिओवर माझी उघडी खिडकी बघून ओरडलीस ना, त्याचं एकदा नीट सांगते, कारण तुला वाटलं मी वेडी झालेय. बाहेर दोन डिग्री आणि मी खिडकी सताड उघडून स्वेटर घालून उभी! इथे सगळे असंच करतात. श्टोसलुफ्टन म्हणतात त्याला. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करायचा, खिडक्या पूर्ण उघडायच्या, फटीएवढ्या नाही, पूर्ण, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि परत लावायच्या. भाड्याच्या करारात लिहिलेलं असतं, विनोद नाही. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी धरते ती बाहेरच्या दमटपणाने. इथे बाहेरची हवा कोरडी आणि दमटपणा आपलाच, आपला श्वास, आंघोळ, कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की ते सगळं आतच राहतं आणि गार भिंतीवर पाणी होऊन बसतं. पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं, मी आपली थंडी म्हणून दारं-खिडक्या बंद करून बसायचे. सकाळी काचेच्या खालच्या कडेला थेंबांची रांग, मी रोज फडक्याने पुसायची आणि वाटायचं झालं. फेब्रुवारीत कपाट पुढे ओढलं तर मागे करड्या ठिपक्यांची भिंत. घरमालकीणबाई आल्या, रागावल्या नाहीत, पण अर्धा तास मला खिडकी कशी उघडायची ते शिकवलं. पाच मिनिटं उघडली तर हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत, म्हणून परत लावली की खोली लगेच तापते, उलट दिवसभर फट ठेवली तर भिंती गार पडतात आणि हीटरचं बिल वाढतं. हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं. ऑस्ट्रियाच्या त्या घराच्या मालकांनी बुकिंगच्या ईमेलमध्ये पैशांबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि खिडक्यांबद्दल तीन परिच्छेद, ओले स्कीचे कपडे खोलीत वाळवू नका, तळघरात बुटांची खोली आहे तिथेच ठेवा, सकाळ-संध्याकाळ हवा बदला. तर आई, खिडकी उघडी दिसली तर समज मी घर सांभाळतेय.

आता सामानाचं. आम्ही घर घेतलं तेव्हा सप्टेंबर होता आणि रिडेव्हलपमेंटचं अजून नक्की नव्हतं. १५ जानेवारीला चावी द्यायची हे पत्र तुम्हाला या महिन्यात आलं. मी लगेच कॅन्सलचे नियम काढून बघितले. तीन महिने आधीपर्यंत काही कापत नाहीत, तीन महिने ते एक महिना ४० टक्के, त्यानंतर ७०, शेवटच्या आठवड्यात ९०. म्हणजे आज रद्द केलं तर ४० टक्के. गेल्या रविवारी मी तुम्हाला हेच सांगत होते की पैसे बुडतील. पण खरं सांगते, माझा वाटा ३८० युरो, त्याचे ४० टक्के १५२. आजीच्या मोतीबिंदूला मी आले तेव्हा एका तिकिटाला याच्या चौपट पैसे गेले आणि मला काही वाटलं नाही. तेव्हा पैसे हे कारण नाही. मला जायचंय. तीन हिवाळे मी शुक्रवारी संध्याकाळी खोलीत येते आणि सोमवारी सकाळपर्यंत कोणाशी बोलत नाही, डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, आणि सोमवारी सगळे कुठल्या डोंगरावर गेले ते सांगतात आणि मी ऐकते. या वर्षी पहिल्यांदा कोणी चल म्हणालं. हे फोनवर सांगता आलं नाही म्हणून मी पैशांचं सांगितलं.

ज्या रविवारी तुम्ही टेम्पो बोलावलाय, ११ ला, त्याच रविवारी सकाळी दहाला माझा पहिला क्लास. मी कॅलेंडर कितीदा बघितलंय ते मलाच माहिती. मला नौपाड्याचं घर रिकामं होताना बघायचं होतं आणि नव्हतंही. क्लासच्या आधी फोन करेन, तुमच्याकडे तेव्हा दुपारचा एक-दीड वाजलेला असेल, कोणीतरी फोन सगळ्या खोल्यांमधून एकदा फिरवा.

आजी, पौषात घर बदलायचं नाही हे तुझं बरोबर आहे. पण तारीख आपल्या हातात नाही, तर मार्गशीर्षातच एखाद्या गुरुवारी कोलशेतच्या भाड्याच्या घरी देव आणि कलश ठेवून घ्या, दूध उतू घाला, मग सामान पौषात गेलं तरी चालेल ना? गुरुजींना विचार.

कोलशेतच्या डिपॉझिटचे दीड लाख दादाच्या खात्यात टाकलेत, शुक्रवारी पोचतील. स्कीइंगचा माझा सगळा खर्च धरून हजार युरो, म्हणजे लाखाच्या आसपास, आई तू हिशोब करणारच म्हणून मीच सांगते. तो वेगळा साठवलेला होता, घराच्या पैशातला नाही. बाबा, बिल्डरकडून भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक हातात आल्याशिवाय आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय चावी देऊ नका, सोसायटीतले बाकीचे काही म्हणोत. सामान बांधायला माणसं लावा, पैसे मी देते, हे शेजाऱ्यांच्या मुलांकडून करून घेऊ नका. माझ्या माळ्यावरच्या ट्रंकेतलं काय टाकायचं ते टाका, न विचारता. दारावरची आजोबांच्या नावाची पितळी पाटी मात्र दादाने स्वतः काढावी, चारही स्क्रूंसकट.

मी १४ मार्चला येतेय, तिकीट झालंय, २९ पर्यंत आहे. १९ ला पाडवा, नव्या घराची गुढी मी उभारणार.

मावशीने सांगितलेला तो खारघरचा, स्टुटगार्टला असतो तो, त्याला फेब्रुवारीत भेटते, ट्रेनने दोन-अडीच तासांवर आहे. पत्रिका जुळवायची असेल तर जुळवा, माझी हरकत नाही, पण मी भेटायच्या आधी त्यांच्याकडे काही बोलू नका. आणि आई, मी टाळत नव्हते गं, दिवाळीत खरंच काम होतं.

सगळ्यांना नमस्कार, दादाच्या छोटीला पापा.

तुमची
मनू

ता.क. आजीचा पाटा-वरवंटा भंगारवाल्याला जाता कामा नये, कोलशेतला मिक्सर असला तरी. पण बाबा, तो दोघांनी उचलायचा. तुम्ही एकट्याने नाही.