हरळी आणि मोतीबिंदू

सोलापूर,
27 फेब्रुवारी 2025

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. त्यावर तू जे बोलणार आहेस ते मी ऐकून घेतले आहे असे समज. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. पत्राचे कारण निराळे आहे आणि तुझ्याशिवाय ते कोणाला सांगण्याजोगे नाही. अण्णांची हिरवळ मी घालवली.

हरळी मेली हे वाचून तू हसशील. बांधावरची हरळी खणता खणता तुमच्या घरातल्या दोन पिढ्या थकल्या, आणि मी ती एका दुपारी संपवली! संक्रांतीच्या आठवड्यात, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरण्याआधीच मला हुरूप आला. यंत्राचे पाते पार खाली उतरवून मी सगळे गवत भादरले आणि वाळलेला थर दाताळ्याने इतका ओरबाडला की त्याबरोबर जिवंत वेलही उपटून आले. अण्णांचा नियम तुला पाठ आहे: एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापायचे नाही आणि खोल कापणी करायचीच असेल तर ती शिवरात्रीनंतर, थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेल्यावर. थंडीत हरळी झोपलेली असते, तिला जखम भरून काढता येत नाही. याच मुद्द्यावरून 1998 साली तू माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होतास. तेव्हाही तुझेच बरोबर होते, हे आज लेखी देतो. (पंपाच्या भांडणात मात्र माझेच बरोबर होते.)

पुढचे नुकसान पाण्याने केले. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो, त्यात उघडी पडलेली काळी माती तडकली आणि त्या भेगांतून लव्हाळा वर आला. तो उपटून उपयोग नाही, खालची गाठ राहिली की पुन्हा कोंब येतो. म्हणून रोज सकाळी खुरप्याने एकेक गाठ उकरतो आहे. उकरताना हरळीच्या काही कांड्या अजून पांढऱ्या, टणक दिसल्या. त्यांवर चाळलेले शेणखत आणि वाळू पसरली आहे, पण मधला दहा-बारा फुटांचा पट्टा साफ गेला आहे. एक मोगरा तेवढा वेळेवर पाणी तोडून छाटला होता, तो फुटला आहे.

आता खरी गोष्ट. अण्णांना हल्ली केवळ उजेड आणि सावली कळते. रोज सकाळी ओसरीवरून ते विचारतात, “हिरवळ फुटली का रे?” आणि मी “हो” म्हणतो. एकदा तर “पोपटी रंग चढलाय” असेही म्हणालो. येत्या गुरुवारी त्यांचा मोतीबिंदू काढायचा आहे. सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत बसलो असताना मी विचारले, “शस्त्रक्रिया पाडव्यापर्यंत पुढे ढकलता येईल का?” डॉक्टरांनी कारण विचारले. मला सांगता आले नाही. बापाला महिनाभर आणखी अंधारात ठेवायला मी निघालो होतो, तेही गवतासाठी! तारीख बदललेली नाही, पण तो प्रश्न तोंडातून गेला तो गेलाच. हे घरात कोणाला ठाऊक नाही.

तुझ्या डाळिंबाच्या आंबे बहाराची कळी कशी आहे? वहिनींना नमस्कार, धाकटीच्या परीक्षेला आशीर्वाद.

बुधवारी सांगोल्याहून ये. येताना बांधावरच्या हरळीच्या मातीसकट चकत्या आण. नुसते वेल लावले तर पसरायला दीड-दोन महिने जातील. अण्णांना सगळे मीच सांगेन, फक्त तेव्हा तू शेजारी बस, तुझ्यासमोर ते मला कमी रागावतात. पोती ओली ठेव, आणि मातीतून लव्हाळ्याची एकही गाठ येता कामा नये.

तुझा,
विनू