अंगठ्याखालचा स्वल्पविराम

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तळमजल्यावरच्या माणसाला उघडं पत्र कशाला, जिना उतरून ये की, असं तुम्ही म्हणाल. पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून चारचौघांत लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचा मसुदा घेऊन मी तुमच्या दारात उभी होते. वकिलीचं दुसरं वर्ष. सीनिअरांनी मसुदा परत केला होता, समासात दोनच शब्द लिहून: ‘कॉमे बघ.’ काय बघू? वाचताना श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या, असं शाळेत शिकवलं होतं. तसेच दिले होते. एका परिच्छेदात 23.

कायद्याचे निवाडे छापणाऱ्या छापखान्यात तुम्ही उभं आयुष्य प्रुफं तपासलीत. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरलात आणि पहिल्याच वाक्यावर पेन्सिल टेकवलीत. ‘द लायसन्सी हू फेल्स टु पे, शॅल व्हेकेट...’

“हा श्वास मराठी आहे तुझा.”

मला कळेना. मग तुम्ही तेच मराठीत म्हणून दाखवलंत. ‘जो पैसे भरणार नाही, त्याला जागा सोडावी लागेल.’ जो म्हटलं की पुढे तो येणार आणि मध्ये क्षणभर थांबायचं, ही आपली सवय. इंग्रजीतल्या त्या वाक्यात ‘तो’ नसतोच. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मी फुकटचं फाटक लावून ठेवलं होतं. पहिलीपासून इंग्रजी लिहितेय, पण हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी वाद घातला. 2024 पर्यंत लागू असलेल्या दंड संहितेत मग तसा कॉमा कसा? तुमचा चेहरा असा खुलला, जणू कुणी हा प्रश्न विचारावा म्हणूनच थांबला होतात. ‘हूएव्हर कमिट्स मर्डर शॅल बी पनिश्ड’, कलम 302. तीन शब्दांत ‘शॅल’ गाठलं, कॉमा नाही. 304-अ घ्या, 1870 साली घातलेलं, निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं. तिथे ‘शॅल’पर्यंत पोचायला 19 शब्द लागतात (मी घरी जाऊन मोजले) आणि मग ‘होमिसाइड’नंतर कॉमा येतो. आजच्या व्याकरणाच्या पुस्तकांत ती चूकच. पण एवढा चढ चढून आलेल्याला टेकायला कट्टा नको का, असं तुमचं म्हणणं.

मग ती अंगठ्याची युक्ती. स्वल्पविरामावर अंगठा ठेवायचा आणि वाक्य पुन्हा वाचायचं. काही बिघडलं नाही, तर तो काढून टाकायचा. अर्थ तोच राहिला पण डोळा अडखळला, तर राहू द्यायचा. आणि अर्थच बदलला, तर? मी म्हटलं, मग ठेवायलाच हवा. तुम्ही मान हलवलीत. “मग वाक्य फोड. एवढा भार त्या शेपटीवर टाकू नये.”

इथे मी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दूध डेअरीचा खटला काढला. हल्ली सगळ्यांना तोच ठाऊक. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांच्या यादीत ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता, 2017 मध्ये अपील न्यायालयाने ती संदिग्धता ड्रायव्हरांच्या बाजूने वाचली आणि पुढच्या वर्षी डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. तुम्ही म्हणालात, “अमेरिकेला कशाला जातेस? एआयआर 1979, सुप्रीम कोर्ट, पान 564. आपल्याच महाराष्ट्र शासनाविरुद्धचं अपील.” पाठ! (एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, निवाडे छापणारं नियतकालिक.) औषध कायद्याचं तेव्हाचं कलम 27. ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल’नंतर कॉमा, ‘सेल्स’नंतर कॉमा, पण ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ सलग. ‘स्टॉक्स’नंतर कॉमा नाही, म्हणून ‘फॉर सेल’ त्यालाही लागू. नुसता साठा सापडला म्हणून या कलमाखाली शिक्षा नाही, विक्रीसाठीच होता हे दाखवावं लागेल. त्या यादीचं प्रूफ तपासणाऱ्याच्या हातून तिथे एक टिंब-शेपूट जास्त पडलं असतं तर, म्हणून तुम्ही पेन्सिल कानामागे ठेवलीत आणि थोडा वेळ गप्प बसलात.

त्या रात्री 23 मधले 17 गेले. चार राहिले, तेही जोडीजोडीने. मध्ये घुसवलेल्या मजकुराला दोन्हीकडून कुंपण हवं, एकाच बाजूचं कुंपण गुरंसुद्धा जुमानत नाहीत, हे तुमचंच. उरलेल्या दोघांच्या जागी पूर्णविराम आले, आणि 112 शब्दांच्या एका वाक्याची तीन वाक्यं झाली. सीनिअरांनी मसुदा पाहिला आणि काहीही न बोलता सही केली. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी अजून पाहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. वाक्याच्या सुरुवातीला ‘सब्जेक्ट टु क्लॉज 9’ असं काही आलं की तुम्ही पुढचा कॉमा खोडता. मी ठेवते. थकलेला न्यायाधीश संध्याकाळी पाच वाजता ते वाचत असतो, काका. त्याला अट कुठे संपली ते एका नजरेत दिसू दे.

रविवारी येते. या वेळी 34 पानं आहेत. पेन्सिल मी आणते, तुमची बोटभरच उरलीय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची